ठकठक, घूंऽऽ, खर्र : असलं इलेक्ट्रॉनिक संगीत कुणी ऐकतं का?

रिकामी_कांडी (धागाकर्ता)

गेली चारेक वर्षं एक खूळ डोक्यात आहे. घरात कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथं लिहितोय.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि तळमजल्यावर टॉवेलचे चार माग. माझी नोकरी वरच्या खोलीत बसून, परदेशी गिऱ्हाइकांच्या घड्याळाप्रमाणे, म्हणजे संध्याकाळी सहा ते पहाटे तीन. कानात काही तरी लागतंच. गाणी लावली की मन शब्दांमागे जातं आणि मेल भलत्यालाच जातात. म्हणून बिनशब्दांचं शोधत निघालो. आधी बासरी, मग पियानो, असं करत एका रात्री स्टीव्ह राइश या अमेरिकन माणसापाशी पोचलो. 'इट्स गॉना रेन', म्हणजे 'पाऊस येणार', १९६५ सालचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका चौकात एक धर्मोपदेशक प्रलयाची गोष्ट सांगतोय. त्याच्या बोलण्याचा एक तुकडा दोन टेपरेकॉर्डरवर गोल गोल फिरवलाय. दोन्ही मशिनी सारख्याच, पण एक केसभर पुढे पळते. सुरुवातीला एकच आवाज. मग त्याला सावली फुटते, मग दोन माणसं एकमेकांचं बोलणं तोडतायत असं वाटायला लागतं, आणि शेवटी शब्द गळून पडतात, उरतो नुसता ताल.

मला ते ऐकून पहिला विचार आला तो हा, की अरे, हे तर आपल्या खालचंच आहे!

ज्यांनी माग जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोटा, म्हणजे आडवं सूत वाहून नेणारा लाकडी तुकडा, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे ठोकून फेकला जातो. एक माग असेल तर ठकठक सरळ चालते. शेजारी दुसरा सुरू झाला की गंमत सुरू होते, कारण दोघांचा वेग कधीच तंतोतंत जुळत नाही. लहानपणी झोप येईपर्यंत माझा खेळ एकच होता, दोन्हींचे ठोके एकावर एक कधी पडतात त्याची वाट बघणं.

परवा फोनवर रेकॉर्ड करून मोजलं. एक नंबरचा माग मिनिटाला १०७ ठोके, दोन नंबरचा १०४. तिनाचा फरक, म्हणजे दर वीस सेकंदांनी दोघं गाठ पडतात आणि एकच जाड दणका बसतो. मग फाटतात. मधोमध, दहाव्या सेकंदाच्या आसपास, ठोके बरोबर एकाआड एक येतात आणि क्षणभर वाटतं की कुणी तरी माग दुप्पट वेगाने पळवला. सहा मिनिटांची फाईल आहे, दुवा खाली दिलाय. हेडफोन लावून ऐका.

तुम्ही असलं काही ऐकता का? कुठे, कधी, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय वाटलं? मिरवणुकीतली डॉल्बी बंद करावी की नको यासाठी वेगळा धागा पेटलेला आहे, कृपया तिकडे जा.

कडक_भाकरी

काय बे हे. रात्री तीनला ठकठक ऐकू लालास आणि वर त्याला संगीत म्हणू लालास. आमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे, दोन पट्टे आहेत, एक कुरकुरतो. फाईल पाठवू का?

थट्टा सोड. दोन मिनिटं ऐकलं तुझं ते पावसाचं, डोकं दुखायला लागलं. हे परदेशातल्या पोट भरलेल्या लोकांचं खूळ आहे. आपल्याकडं एवढं गाणं पडलेलं असताना हे कशाला?

रिकामी_कांडी

भाकरी, गिरणीची फाईल खरंच पाठव.

परदेशी खूळ म्हणशील तर अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, आला होता. कपाटाएवढं यंत्र, सगळीकडे वायरी. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने तिथे स्टुडिओ मांडून दिला आणि आपल्या लोकांनी त्यावर काम केलं : गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा. या गीताबेनच १९४६ ला न्यूयॉर्कला गेल्या होत्या आणि जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला हिंदुस्थानी संगीत शिकवत होत्या. तो पुढे नव्या संगीतातलं मोठं नाव झाला. स्टुडिओ चालला जेमतेम तीन-चार वर्षं. टेपा संस्थेतच पडून होत्या, त्या पॉल पर्गस नावाच्या ब्रिटिश कलाकाराने शोधून काढल्या आणि २०२३ ला त्यांचा अल्बम निघाला.

माझं मत विचारशील तर त्यातलं निम्मं म्हणजे यंत्र हातात आलेल्या माणसाने प्रत्येक बटण दाबून बघणं आहे. टुंई, घर्र, पुन्हा टुंई. पण शर्मांचे जे नाचाचे तुकडे आहेत ते ऐक. १९७२ च्या आतलं आहे हे सांगितलं नाही तर पटणार नाही. आणि ते बटण दाबून बघणंही मला आवडतं. नव्या यंत्रासमोर माणूस कसा लहान होतो ते ऐकू येतं.

ऑक्टोपॅड_काका

नावावरून कळलंच असेल, मी ऑर्केस्ट्रातला. लग्नं, गणपती, गड्ड्याच्या जत्रेतले कार्यक्रम, सोळा-सतरा वर्षं वाजवलं. तुमच्या पिढीला इलेक्ट्रॉनिक म्हणजे काही तरी गूढ वाटतं. आमचं त्यावर पोट होतं.

रोलंड या जपानी कंपनीचा ऑक्टोपॅड १९८५ ला निघाला. आमच्यापर्यंत यायला काही वर्षं गेली. आठ रबरी चौकोन आणि एक वायर, चौकोनावर काठी मारली की हव्या त्या तालवाद्याचा आवाज. अक्कलकोटकडच्या एका लग्नात मी त्यावर ढोलकीचा आवाज लावला. पुढच्या रांगेतले एक आजोबा उठले, काठी टेकत स्टेजवर आले, स्टँडवर टाकलेलं कापड वर करून खाली वाकून बघितलं. ढोलकीवाला लपवून बसवलाय अशी त्यांची खात्री होती. खाली कुणी नाही म्हटल्यावर माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांचा खिसा कापलाय.

आणि हे काही ऐंशीच्या दशकातलं नवल नाही. १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगी सगळ्या भारताला पाठ आहे, त्यावर साप डोलतो म्हणतात. ती पुंगी नव्हेच. कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवलेली आहे ती.

आता चरणजित सिंग. धागाकर्त्याने यांचं नाव कसं घेतलं नाही? मुंबईचे, फिल्मी स्टुडिओतले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं एकाला एक जोडली, ज्युपिटर-८ सिंथ, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३, आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. कुणी विचारलं नाही. ते ३०३ मुळात गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून बनवलेलं खेळणं, तेही चाललं नाही, १९८४ ला कंपनीने बंद केलं. पुढे शिकागोच्या पोरांनी तीच पडून असलेली यंत्रं स्वस्तात घेतली, नको ती बटणं पिळली आणि १९८७ ला 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' निघालं. अ‍ॅसिड हाऊस म्हणून जे जगभर गाजलं ते हेच. मग २००२ मध्ये एका डच संग्राहकाला दिल्लीत सिंगसाहेबांची तबकडी सापडली. ऐकून तो चाट पडला, हे तर शिकागोच्या पाच वर्षं आधीचं! २०१० ला पुन्हा काढली आणि सत्तरीच्या घरातले सिंगसाहेब युरोपात जाऊन वाजवून आले. २०१५ मध्ये गेले.

वादक म्हणून सांगतो, राग म्हणून ऐकलंत तर निराशा होईल. आरोह-अवरोहाची कवायत आहे, विस्तार नाही. पण खाली तो बेस ऐका. रबराला तेल लावून ताणल्यासारखा सरकतो. मला त्या काळात असा बेस कुणी दिला असता तर मी ऑक्टोपॅड विकला असता.

मंद्र

काका, सहमत आणि असहमतही. भैरव मलाही पटला नाही, फार घाईत आहे. पण मेघ मल्हारात ते एकेका स्वरावर जे घसरतात ते कानाला गोड लागतं. असो, मी रागदारीवाली, माझं मत त्या बाजूने झुकलेलं असणार.

माझा या संगीताशी संबंध आला तो फ्रिजमुळे. हसू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे फ्रिज, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाईटचा जुना चोक हे सगळे त्याच्या दुपटीत, १०० हर्ट्झला घुमतात. माझी पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, पेटीवरची पांढरी पाच. तिचा खालचा षड्ज ९८ च्या आसपास येतो. म्हणजे पहाटे रियाजाला बसले की स्वयंपाकघरातला फ्रिज माझ्या षड्जाच्या जरा वर, चढा लागलेला असतो. वर्षानुवर्षं मी कुढत होते की आज तंबोरा नीट का लागत नाही.

मग कळलं की ला मॉन्टे यंग नावाच्या अमेरिकन संगीतकाराला लहानपणी ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्याचंच वेड होतं. तिकडची वीज ६० हर्ट्झची, तो त्या ६० वरच आपले लांब लांब स्वर लावायचा. आणि हाच माणूस १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला! आमचं घराणं, अब्दुल करीम खाँसाहेबांची मिरज इथून चार तासांवर, आणि त्या गायकीचा एक धागा न्यूयॉर्कच्या ट्रान्सफॉर्मरला जाऊन बांधलेला. मला हे वाचून दोन दिवस काही सुचलं नाही.

त्यातून फ्रान्सच्या एलियान रादिग यांच्यापर्यंत गेले. त्यांच्याकडे एआरपी २५०० हा मोठा सिंथ होता, पण पट्ट्या दाबून वाजवायचा कळफलक त्यांनी वापरलाच नाही. नुसत्या खुंट्या, त्याही इतक्या हळू फिरवायच्या की बदल होताना ऐकू येत नाही. पहिल्यांदा लावलं तेव्हा वीस मिनिटं काहीच झालं नाही. मी उठून डाळ फोडणीला टाकली. परत आले तर स्वर तोच, पण खोली वेगळी वाटत होती. मागे जाऊन सुरुवात ऐकली तर अक्षरशः दुसरंच काही तरी. जवारी, म्हणजे तारेची झणकार, काढताना दोऱ्याचा एक धागा सरकवला की तंबोऱ्यातून जे एकदम उघडतं ना, ते इथे तासाभरात घडतं.

आपल्या अरुशी जैनही ऐकल्या. मॉड्युलर, म्हणजे सुटे भाग वायरींनी जोडायच्या, सिंथवर राग. 'अंडर द लायलॅक स्काय', २०२१. सूर्य मावळताना ऐका असं त्या सांगतात, म्हणून गच्चीवर ऐकलं. सोलापूरची मेमधली संध्याकाळ म्हणजे साडेसातलासुद्धा फरशी पायाला चटके देते, पण ऐकलं. वातावरण सुरेख बांधलंय. तक्रार एकच, गळा फार मागे धुक्यात ठेवलाय. मला स्वर लागताना ऐकायचा असतो, लागून गेलेला नव्हे.

अवांतर : इलेक्ट्रॉनिक तंबोरा हे आपलं सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे आणि त्याला कुणीच इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणत नाही. घरोघरी डबा चालू असतो.

फीत

वाचनखूण साठवली. मंद्रताई, फ्रिजचं वाचून आत्ताच उठून आमच्या फ्रिजला कान लावून आलो. बायकोने काही विचारलं नाही, सवय झालीय.

मी विल्यम बसिन्स्कीचं 'डिसइंटिग्रेशन लूप्स' सुचवतो. जुन्या फितींवरचे छोटे छोटे तुकडे २००१ च्या उन्हाळ्यात तो संगणकावर उतरवत होता. फीत फिरता फिरता तिच्यावरचा चुंबकीय थर सुटून पडायला लागला. त्याने बंद केलं नाही, चालूच ठेवलं. सूर पाच-दहा सेकंदांचाच, पण प्रत्येक फेरीत थोडा झिजतो. आधी कडा जातात, मग मधे खड्डे पडतात, तासाभराने सूर कमी आणि शांतताच जास्त.

आमच्याकडे आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. ट्रंक माळ्यावर, माळा पत्र्याखाली, बाहेर चव्वेचाळीस. तीन वर्षांपूर्वी एक लावली. आजोबांनी "रूप पाहता लोचनी" म्हटलं, "सुख" म्हणेपर्यंत घर्र झालं. हेडवर बोट फिरवलं तर तपकिरी भुकटी. मी घाबरून बंद केली. आता वाटतं, पूर्ण वाजू द्यायला हवी होती, बाजूला फोन ठेवून.

झिरो_व्ह्यूज

बहुतेक मीच इथला सगळ्यात लहान. मी ऐकतो कमी, बनवतो जास्त. जुना लॅपटॉप, फुकटचं सॉफ्टवेअर, ऐंशी टक्के वेळ हँग.

सिंथचे तयार आवाज माझ्याच्याने होत नाहीत, सगळे सारखेच वाटतात. म्हणून घरातलेच घेतो. आई विड्या वळते. मांडीवर सूप, ओली पानं, पत्र्याचा फरमा ठेवून कात्रीने पान कापायचं. तो कच्च आवाज आहे ना, कच्च-कच्च-कच्च, थांबा, पान फिरवलं, कच्च. जगातलं कुठलंही हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजा, त्याच्यापुढं फिकं आहे. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधून सुपात टाकला की थप् होतं, तो माझा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका. चार सप्तक खाली नेला की छातीत लागतो. आईला ऐकवलं तर म्हणाली, "कात्रीला धार लावायला पाहिजे."

मला वाटायचं ही माझी आयडिया. मग कळलं, पिएर शेफर नावाच्या फ्रेंच रेडिओवाल्याने १९४८ ला पॅरिसच्या स्टेशनात इंजिनांचे, डब्यांचे आवाज घेऊन तबकड्यांवर हेच केलं होतं. सत्तर-ऐंशी वर्षं उशीर झाला मला, चालतंय.

पैशांचं सांगतो, कारण धाग्यात 'स्वतंत्र' संगीताचा विषय निघालाच पाहिजे. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला, वर्षाला एक हजारापेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला छदाम नाही. माझं सगळ्यात गाजलेलं ६४०. त्यातले शंभर मीच. बँडकँप या गाणी विकायच्या साईटवर मात्र आतापर्यंत तीन जणांनी विकत घेतलं. विक्रीतले पंधरा टक्के ते ठेवतात, २०२० पासून अधूनमधून एका शुक्रवारी तेही सोडतात. तिघांतला एक जर्मनीचा. त्याने विचारलं, हा कात्रीसारखा आवाज कुठल्या प्लग-इनचा, म्हणजे आवाजाच्या सॉफ्टवेअरचा, आहे. मी म्हटलं, आईचा.

ऑक्टोपॅड_काका

बाळा, फाईल पाठव. आणि कात्रीला धार लावू नकोस, आवाज बदलेल.

होम_मैदान

मी सेवानिवृत्त. या संगीतातलं काही कळत नाही, पण 'आवाज कुठून येतो' यावर एक आठवण.

सोलापुरात आम्ही लहान असताना गिरण्यांचे भोंगे होते. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. घरात घड्याळ असलं तरी ते भोंग्यावर लावायचे. मला तो कशाचा आवाज ते माहीतच नव्हतं. आकाशच ओरडतं असं वाटायचं. खालून वर चढत जायचा, वर थोडा थरथरायचा, मग पोट खाली गेल्यासारखा उतरायचा. आज गिरण्या नाहीत, भोंगे नाहीत, पण तो चढ मला आजही गळ्याने काढून दाखवता येतो.

नातीने मला डेलिया डर्बिशर या बाईंबद्दल दाखवलं. बीबीसीत कामाला होत्या. 'डॉक्टर हू' मालिकेचं १९६३ चं शीर्षकसंगीत त्यांनी टेपेचे तुकडे कापून, चिकटवून घडवलं. त्यांचं बालपण कॉव्हेंट्रीचं, युद्धातलं. हवाई हल्ल्याचा भोंगा हा आपला पहिला अमूर्त आवाज, कारण लहान मुलाला तो कुठून येतो हे माहीत नसतं, असं त्या सांगत. मी नातीला म्हटलं, पुन्हा लाव. त्या संगीतात तो चढ आहे. अगदी तोच, लक्ष्मी-विष्णूचा.

मागोमाग

सगळं वाचलं. धागा छान आहे, सगळे कौतुक करतायत, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. लिहितो.

माझे वडील एकतीस वर्षं मागावर होते. दुसऱ्याच्या मागावर, चार माग एकटे सांभाळायचे, बारा तासांची पाळी. आता त्यांना ऐकू येत नाही. म्हणजे येतं, पण आपण काय बोलतो ते कळत नाही. नातवंडं बोलली की हसतात फक्त. फोन घेत नाहीत. लग्नात कोपऱ्यात बसतात. डॉक्टरांनी सांगितलं, हे आता परत येणार नाही.

धागाकर्त्याच्या घरचे माग आहेत. तो वरच्या खोलीत हेडफोन लावून बसतो आणि त्याला त्यात स्टीव्ह कोण ते दिसतात. तुमच्या दृष्टीने ते संगीत असेल. आमच्या घरातलं बोलणं त्यानेच बंद पाडलं. एवढंच म्हणायचं होतं. भांडायचं नाही.

नाक_कान_घसा

मागोमाग यांच्या प्रतिसादाला पुरवणी. दणक्याने कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातो. तपासणीच्या आलेखात तिथे खड्डा दिसतो. स, श, त, क, फ हे वर्ण ओळखायला लागणारा आवाज त्याच वरच्या भागात असतो. म्हणून 'ऐकू येतं पण कळत नाही'. स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. लहान मुलांचा आवाज मुळात वर, म्हणून नातवंडांचं सगळ्यात आधी जातं. खालचे, जाड आवाज शेवटपर्यंत शाबूत राहू शकतात.

आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. ८५ च्या वर रोज राहिलं तरी हानी होते असं आता मानतात. बारा तासांची पाळी तर या हिशेबात बसतच नाही. साधे फोमचे इअरप्लग वीस-तीस रुपयांना मिळतात. कामगार घालत नाहीत, कारण धागा तुटल्याचा आवाज कळत नाही म्हणतात. आणि मालक आणून देत नाहीत. धागाकर्ते, तुमच्या खालच्या शेडमध्ये किती आवाज आहे?

रिकामी_कांडी

दोन दिवस लिहिलं नाही. काय लिहावं कळत नव्हतं.

अ‍ॅपवर मोजलं. चारही चालू असताना मागांच्या मधोमध ९४ ते ९६. माझ्या खोलीत, दार लावून, ६१. मागोमाग, तुमचं बरोबर आहे. मी वरच्या खोलीत, पस्तीस डेसिबल कमी आवाजात बसून ऐकत होतो. हा फरक मी कुठेच लिहिला नाही, कारण डोक्यातच आला नव्हता. खाली दोघं काम करतात. त्यांतल्या एकाशी बोलताना मी लहानपणापासून ओरडूनच बोलतो, त्याचा स्वभावच तसा असं धरून चाललो होतो. प्लग आणलेत. एकाने घातले, दुसऱ्याने खिशात ठेवले.

फाईल काढून टाकू का, हे विचारायला आलो होतो.

मागोमाग

काढू नका. उलट एक सांगायचं आहे.

काल रात्री रागातच ती फाईल पोराच्या ब्लूटूथ स्पीकरवर लावली. बाबांच्या खाटेवर ठेवला, आवाज पूर्ण. बायको म्हणाली गल्ली जागी होईल. बाबा आधी दचकले. मग स्पीकरकडे न बघता मान खाली घालून बसले. दीडेक मिनिट. मी बंद करायला गेलो तर हात धरला.

म्हणाले, "दोन माग हायत. एकाचा पट्टा ढिला हाय. ठोका दमून पडतोय."

मी विचारलं, कुठल्या? (हाताने, बोटं दाखवून.) त्यांनी डावा हात वर केला. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये डावीकडे कुठला माग आहे?

नाक_कान_घसा

ठोका २०० हर्ट्झच्या खालचा असणार. म्हणून पोचला.

रिकामी_कांडी

डावीकडे दोन नंबर. १०४ वाला.

आज सकाळी वडिलांना सांगितलं. कुणी सांगितलं म्हणाले, मी म्हटलं एका मिस्त्रींनी, फोनवर ऐकून. त्यांनी मोटर बंद करून पट्टा हाताने ओढला, बोटभर आत गेला. बदलला. दुपारी मोजलं, दोन्ही १०७. आता गाठ पडायला दोन-अडीच मिनिटं लागतात, कधी पडतच नाही. वीस सेकंदांचा तो खेळ संपला. म्हणजे मी गेली चार वर्षं ज्याला संगीत म्हणत होतो तो सैल पट्टा होता.

कडक_भाकरी

हाहाहा. एवढं वाचून आलो. स्टीव्हभाऊला पण कळवा, पट्टा कसून घे म्हणावं.

बाय द वे, चरणजित सिंग गाडीत लावलं होतं. चालतंय. पोरगी मागं बसून नाचू लाली.

मंद्र

जुनी फाईल जपून ठेवा हो. आता तसं पुन्हा मिळायचं नाही.

मागोमाग

बाबांना दाखवलं, पट्टा निघाला ते. कागदावर लिहून. त्यांनी एकच विचारलंय, धोटा मधेच अडकत होता का?

रिकामी_कांडी

हो. आठवड्यातून दोनदा तरी. आम्ही सुताला दोष देत होतो.